अजिंठ्याचा नक्कलनवीस

१८४५ साली पॅरिस येथील सरकारी चित्रप्रदर्शनात ओरास व्हर्ने या चित्रकाराचे एकवीस मीटरांहून अधिक लांबीचे एक तैलचित्र मांडण्यात आले. अल्जीरियाचा अमीर अब्दुल कादिर याच्या तंबूंच्या फिरत्या राजधानीवर फ्रेंच घोडदळाने दोन वर्षांपूर्वी घातलेला छापा हा त्या चित्राचा विषय होता. उधळलेले उंट, कोसळणारे तंबू, भयभीत स्त्रिया आणि त्यांच्यावर चालून येणारे स्वार यांचा तो अवाढव्य पसारा पाहिल्यावर राज्यसंस्थेला चित्रकाराची गरज का भासते, हे निराळे समजावून सांगावे लागत नसे. त्याच सुमारास, निजामाच्या मुलुखात, औरंगाबादेहून खानदेशाकडे उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावरील अजिंठा नामक कोटबंद गावी, मद्रासच्या एका देशी पलटणीतील चाळिशीचा इंग्रज कप्तान आपल्या रंगपेट्या, कापडाच्या गुंडाळ्या आणि कंपनी सरकारचा हुकूम घेऊन दाखल झाला होता. व्हर्नेने दुसऱ्यांच्या लढाया रंगविल्या आणि त्या कामात मानमरातब व द्रव्य दोन्ही मिळविले. स्वतः शिपाईगडी असलेल्या या कप्तानाने लढाई रंगविली नाही. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या अनामिक चितार्‍यांनी जे रंगवून ठेवले होते, त्याची नक्कल करण्यात त्याचे उरलेले सारे आयुष्य गेले. त्याचे नाव रॉबर्ट गिल. हे चरित्र त्याचे आहे.

एका फ्रेंच चित्रकाराचे नाव आरंभीच घ्यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गिलच्या हाताला जी शिस्त होती तिचे मूळ घर दाखविल्यावाचून त्याच्या कामाचे गुणदोष उमगणे कठीण आहे. १६४८ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या शाही चित्र-शिल्प अकादमीने चित्रविषयांची एक उतरंडच लावून दिली होती. इतिहास, पुराण व पराक्रम यांची चित्रे सर्वांच्या वर. त्यांच्याखाली व्यक्तिचित्रे, मग नित्यजीवनातील प्रसंग, मग निसर्ग आणि तळाशी फळाफुलांच्या परड्या. उमेदवाराने प्रथम थोरांच्या रेखाटनांवरून नक्कल करावी, पुढे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, त्यानंतर जिवंत देहावरून, आणि इतके सारे साधल्यावर स्वतःची रचना करण्यास धजावे, असा तो क्रम होता. १८२९ ते १८३४ पर्यंत रोम येथील फ्रेंच अकादमीचा संचालक असलेला व्हर्ने याच क्रमाच्या शिखरावर बसला होता. लुई फिलिप राजाने १८३७ साली व्हर्सायच्या राजवाड्यात तेहेतीस भव्य चित्रांची युद्धशाला उघडली, तीतही त्याची चित्रे आहेत. पुढे मेसोनियेने नेपोलियनच्या चिखलात रुतणाऱ्या सैन्याचे एकेक बटन मोजून रंगविले, आणि १८७० च्या पराभवानंतर त्याचा शिष्य देताय व आल्फोन्स द नव्हील यांनी विजयाऐवजी हरलेल्यांच्या हट्टाची चित्रे काढून फ्रेंच जनतेचे सांत्वन केले. या साऱ्यांच्या कर्तबगारीबद्दल आज कलासमीक्षक नाके मुरडतात. मला ते पटत नाही. घोड्याचा पाय धावताना कोठे पडतो, ओल्या लोकरीच्या डगल्याला किती सुरकुत्या पडतात, हे पाहण्यासाठी ज्यांनी वर्षे खर्ची घातली, त्यांच्या रुचीविषयी वाद घालावा, परंतु त्यांच्या निष्ठेविषयी घालू नये.

आपल्याकडे अशी अकादमी नव्हती. पाश्चात्य पद्धतीचे चित्र महाराष्ट्रात आले ते वकिलातीच्या आणि फौजेच्या मागून. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत सवाई माधवरावांच्या दरबारात वावरला. त्याच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याची सोय झाली. आणि गंगाराम तांबट नावाच्या मराठी कारागिराने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करून दिली, ती आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. वेल्स निवर्तल्यावर त्याची वेरूळची चित्रे टॉमस डॅनियल याने १८०३ साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. म्हणजे आमच्या या जिल्ह्यातील लेण्यांची प्रतिकृती करण्याची परंपरा गिलच्या जन्माच्याही आधीची आहे, आणि तिचा एक मूळ पुरुष तांबट आळीतला आहे, ही गोष्ट आमच्या कलेतिहासाच्या पुस्तकांत जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही. कंपनीच्या फौजांनाही रेखाटता येणाऱ्या अंमलदारांची निकड असे. किल्ल्याचा बुरूज, नदीचा उतार, डोंगरातील वाट हे कागदावर बिनचूक उतरविणे हा शिपाईगिरीचाच एक भाग होता. चित्रकला ही चैन नव्हे, बंदोबस्ताचे साधन होय, अशा समजुतीच्या फौजेत गिल वाढला.

आता त्या गावाविषयी. अजिंठा गाव आज सिल्लोड तालुक्यात आहे. लेणी मात्र घाटाखाली, सोयगाव तालुक्यात, फर्दापूर व लेणापूर यांच्या शेजारी, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर आहेत. प्रवासी हल्ली थेट लेण्यांपाशी उतरतो आणि थेट परत जातो, त्यामुळे गावाचा कोट, दरवाजे आणि निजामकालीन बारादरी त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच गावाच्या दक्षिणेस भोकरदनच्या परिसरात, कैलना व जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असईची लढाई झाली. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांपुढे आर्थर वेलस्लीचे सैन्य संख्येने फार थोडे होते. त्याने लढाई जिंकली खरी, परंतु मेलेले व जखमी मिळून त्याची सुमारे सोळाशे माणसे त्या एका दिवसात कामास आली. जखमींसाठी त्याने इस्पितळ उघडले ते अजिंठ्याच्या कोटात. तेथे कण्हत पडलेल्या शिपायांच्या खाटांपासून काही कोसांवर, दरीतील झाडोऱ्याआड, पद्मपाणी डोळे मिटल्यासारखा उभा होता, हे त्यांपैकी कोणाच्या गावीही नव्हते. यानंतर सोळा वर्षांनी, २८ एप्रिल १८१९ रोजी, वाघाच्या शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या मद्रास घोडदळाच्या अंमलदाराला दहाव्या लेण्याची कमान दिसली, आणि त्याने आत जाऊन एका खांबावर चित्रावरच आपले नाव व तारीख कोरून ठेवली. एका शिपायाने लेणी जगापुढे आणली आणि त्याच क्षणी त्यांना पहिला नवा ओरखडाही पाडला. लेणापूरच्या माणसांना मात्र लेणी कधीच अपरिचित नव्हती. शोध लागला तो साहेबांना.

१८०४ मध्ये जन्मलेला गिल विशीच्या आतबाहेर कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाला आणि ४४ व्या देशी पायदळ पलटणीत एकेक पायरी चढत कप्तान झाला. अशी शेकडो माणसे त्या काळी येथे आली, तापाने मेली किंवा निवृत्तिवेतन घेऊन परतली, आणि त्यांची नावे पलटणींच्या याद्यांखेरीज कोठेही राहिली नाहीत. गिलचेही तसेच झाले असते. परंतु नीळ-व्यापारातून निवृत्त होऊन स्थापत्याच्या अभ्यासास लागलेला जेम्स फर्ग्युसन १८३९ साली अजिंठ्यास येऊन गेला होता, आणि १८४३ साली त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हिंदुस्थानातील लेण्यांवरील आपला निबंध वाचला. चित्रे झपाट्याने नाश पावत आहेत, पाझरणारे पाणी, वटवाघळे आणि हौशी प्रवासी यांच्या तावडीतून जे उरले आहे त्याच्या नकला तरी तातडीने व्हाव्यात, असा त्याचा आग्रह होता. त्याची भीती निराधार नव्हती. डॉक्टर जेम्स बर्ड या गृहस्थाने मुंबईच्या संग्रहासाठी म्हणून भिंतीवरील काही मुखे खरवडून काढण्याचा उद्योग केला होता आणि गिलाव्याचा भुगाच काय तो त्याच्या हाती लागला होता. सोसायटीने कंपनीच्या संचालकांना अर्ज केला, संचालकांनी १८४४ मध्ये मंजुरी दिली, आणि चित्र काढता येणारा फौजी अंमलदार म्हणून मद्रास सरकारने गिलचे नाव पुढे केले.

या मंजुरीची जात नीट पाहावी. चित्रकाराला आमंत्रण आलेले नाही, शिपायाची तैनाती झालेली आहे. त्याची तनखा, भत्ता, नोकर, वाहतूक, रंग व कापड यांचा हिशेब फौजी दफ्तरात. लेणी ज्या मुलुखात ती निजामाची, म्हणून परवानगीचा मार्ग हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत. आणि तयार होणारा माल लंडनला. अकादमीतील उमेदवार नक्कल करतो ती पुढे स्वतंत्र होण्यासाठी. गिलला नक्कल हाच अखेरचा मुक्काम म्हणून नेमून दिला होता. आपली स्वतःची म्हणावी अशी एखादी भव्य रचना त्याने मागे ठेवली नाही, यावरून त्याच्याकडे प्रतिभा नव्हती असा निवाडा देणे म्हणजे एखाद्या नक्कलनवीसाला त्याने स्वतःचे काव्य का लिहिले नाही म्हणून जाब विचारण्यासारखे आहे.

कामाचे स्वरूप काय होते, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजी येणार नाही. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडबडीत कातळावर माती, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बांधणीत घोटलेले खनिज रंग, अशी त्यांची घडण आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी ही जवळपासची सामग्री. निळा तेवढा दूर अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. हे रंग कोरडे आहेत. त्यांच्यावर तेलाची तकाकी नाही. गिलने मात्र कापडावर तैलरंगांत, मुळाच्या मापाच्या प्रतिकृती करावयाच्या ठरविल्या, कारण मोठ्या आकाराचे टिकाऊ चित्र म्हणजे तैलचित्र, हे त्या काळच्या युरोपात कोणी सिद्ध करून दाखविण्याची गरज नव्हती. बहुतेक विहारांत उजेड दारातूनच येतो आणि आत जाता जाता पातळ होतो. जो भाग सकाळी दिसतो तो दुपारी विझतो. वटवाघळांची घाण, कड्यावरील आग्या मोहोळांच्या माशा, उन्हाळ्यातील कातळाची धग आणि पावसाळ्यानंतरचा हिवताप यांच्याविषयीची कुरकुर अजिंठ्यात काम केलेल्या साऱ्यांच्याच लिखाणात आढळते.

तैलरंगाने फरक पडला तो केवळ तकाकीचा नव्हे. अकादमीच्या शिस्तीत वस्तूला घनता येते ती एका बाजूने पडणाऱ्या प्रकाशामुळे. गालाची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत, आणि जमिनीवर पडछाया. अजिंठ्याच्या चितार्‍याला असा सूर्य ठाऊक नाही. त्याची रेषा प्रथम, आणि रेषेच्या आत रंग दाट-विरळ करून, नाकाच्या शेंड्यावर वा हनुवटीवर उजळ ठिपका देऊन तो उठाव आणतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात वर्तनेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते याच रीतीचे शास्त्र होय. ही वर्तना तैलरंगात उतरविताना युरोपीय हाताने तिला छाया समजून गडद करावे, हे जवळजवळ अपरिहार्य होते. गिलच्या वाचलेल्या कापडांकडे पाहताना हे ध्यानी ठेवले, म्हणजे त्यांतील काळसर गांभीर्य काही अंशी अजिंठ्याचे आणि काही अंशी लंडनचे आहे, हा विवेक करता येतो. तरीही एक गुण मान्य करावयास हवा. जेथे गिलावा गळून पडला होता तेथे आपल्या कल्पनेने हात-पाय जोडून चित्र पुरे करण्याचा मोह पुढच्या कित्येकांना आवरला नाही. शिपायाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाकडून मात्र जे आहे तेवढ्याचीच नोंद अपेक्षित होती.

व्हर्नेच्या चित्राची आठवण मला सतराव्या लेण्यात नेहमी होते. उजव्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. जहाज फुटून राक्षसिणींच्या बेटावर अडकलेले व्यापारी, त्यांना घेऊन उडणारा शुभ्र अश्व, सिंहलाच्या मागोमाग सुंदर स्त्रीच्या रूपाने राजवाड्यापर्यंत आलेली राक्षसी, तिच्या मोहाने झालेला राजाचा नाश, आणि अखेरीस स्वतः राजा झालेल्या सिंहलाची त्या बेटावरील स्वारी. नावांतून उतरणारे हत्ती, भाले व निशाणे यांची दाटी, वर उचललेल्या सोंडा, धनुष्ये ताणलेले वीर आणि विस्कटलेल्या केसांच्या राक्षसिणी, असे ते सारे रण एकमेकांत मिसळून भिंतभर पसरले आहे. वाकाटक हरिषेणाच्या काळातील ज्या कलावंताने हे काढले त्याने हत्ती चालताना पाहिला होता, आणि फौजेच्या गर्दीत एका माणसाचा दुसऱ्याला धक्का कसा लागतो तेही पाहिले होते. मात्र या गर्दीला व्हर्नेप्रमाणे एकच क्षण नाही. आधीचे, नंतरचे आणि मधले सारे एकाच भिंतीवर नांदते, आणि डोळ्याने आपली वाट आपणच काढावयाची असते. आयुष्याची वीस वर्षे पलटणीत काढलेल्या गिलला ही भिंत रोज समोर दिसत होती. अजिंठ्याच्या साऱ्या करुणेपेक्षा तिनेच त्याला प्रथम आपलेसे केले असावे, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

१८५६ पर्यंत सुमारे तीस प्रतिकृती लंडनला रवाना झाल्या. त्याच वर्षी मिसेस स्पीअर या विदुषीने प्राचीन हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात, जॉर्ज शार्फ याने गिलच्या चित्रांवरून केलेली काही रेखाचित्रे छापली. पुढे या लहानशा गोष्टीला केवढे मोल यावयाचे होते, हे त्या वेळी कोणाला कळणार? कॅमेराही गिलच्या हाती त्याच सुमारास आला, आणि बाह्य स्थापत्य टिपण्याच्या कामी त्याने ब्रश बाजूला ठेवला. अजिंठा, वेरूळ, लोणार आणि वऱ्हाडातील हेमाडपंती देवळे यांची त्याने घेतलेली छायाचित्रे या प्रदेशाची अगदी आरंभीची होत. १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. त्यांतील एकात तर दोन डोळ्यांनी पाहताच खोली जाणवावी अशी शंभर जोडछायाचित्रे होती. भिंतींवरील चित्रे मात्र या यंत्राच्या आवाक्यात नव्हती. काचेवरील ओल्या कलोडियनला निळा प्रकाश तेवढा नीट दिसे. अजिंठ्याचा तांबडा आणि पिवळा त्यात काळा पडे. म्हणून छायाचित्रणाच्या उदयानंतरही त्या भिंतींसाठी माणसाचा हातच हवा होता.

यादरम्यान देशात सत्तावन्नचे वादळ येऊन गेले. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याने हुकूम मानण्याचे नाकारले. पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्नची तुकडी येऊन पोहोचली आणि बंडवाल्यांना फाशी देण्यात आले किंवा तोफेच्या तोंडी देण्यात आले. आमच्या शहरातील क्रांती चौक, जुना काळा चबुतरा, त्या शिक्षांची जागा म्हणून ओळखला जातो. गिल ज्या कंपनीचा चाकर तिच्याच फौजेचे हे कृत्य. बारादरीत बसून बोधिसत्त्वाच्या भुवईचे वळण साधणारा हा मनुष्य राज्यकर्त्यांच्या फौजेतला अंमलदार होता, आणि ज्या सरकारने ही नक्कल करविली त्याच सरकारने तो चबुतरा उभा केला, हे चरित्रकाराने वाचकापासून लपवू नये. लपविल्यास गिल अकारण साधू होतो.

आणि आता पारोविषयी, कारण मराठी वाचक हे पुस्तक हाती घेईल तो बहुधा तिच्यासाठीच. अजिंठा गावी एक थडगे आहे. आपल्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ ते उभारल्याचे त्यावर इंग्रजीत कोरले असून २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख दिली आहे. लोकपरंपरा तिला लेणापूरची म्हणते. गिलची पत्नी फ्रान्सिस व मुले इंग्लंडला गेलेली, गिल एकटा, ही रानातली मुलगी त्याच्या कामात त्याची सोबतीण झाली, ही कथा या परिसरात घरोघरी सांगितली जाते. पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहून तिला मराठी साहित्यात कायमचे स्थान दिले, आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांच्या चित्रपटाने ती पडद्यावर नेली. कवीचा हा अधिकार निर्विवाद आहे. एका दगडावरील दोन ओळींतून काव्य उभे करावयाचे ते कवीनेच. परंतु काव्याची थोरवी अशी की पुढे इतिहासालाही ते झाकून टाकते. आज कोणाही शिकलेल्या मराठी माणसाला गिल म्हटले की पारो आठवते. त्याने काय रंगविले, कशावर रंगविले, त्याचे पुढे काय झाले, असे विचारले तर उत्तर येत नाही. शिवाय या कथेत पारो स्वतः फारच थोडी आहे. एका गोऱ्या अंमलदाराच्या घरी राहणाऱ्या गावच्या मुलीला तिच्या लोकांनी काय म्हटले असेल, तिच्या बाजूने ते प्रेम होते की नाइलाज, याचा विचार थडग्यावरील इंग्रजी अक्षरांवरून करता येत नाही. ती अक्षरे त्याची आहेत.

३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसचा उत्तरेकडील पाखा आगीत जळाला. लोखंड, काच आणि लाकडी फरशी यांच्या त्या प्रचंड इमारतीत हिंदी दालन होते आणि गिलच्या प्रतिकृती तेथे टांगलेल्या होत्या. चार-पाच कापडे तेवढी अन्यत्र असल्याने बचावली. ती पुढे साउथ केन्सिंग्टनच्या, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आली. बाकी वीस वर्षांच्या श्रमाची राख झाली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मेजर गिलला ही वार्ता कळली तेव्हा त्याने कोणते उद्गार काढले, हे सांगण्याची हौस कादंबरीकारांना असते. माझ्या लेखी महत्त्वाचे एवढेच की ती आग लागल्यानंतरही तो हा प्रदेश सोडून विलायतेस गेला नाही. कॅमेरा घेऊन तो वऱ्हाडात हिंडत राहिला, आणि १८७९ च्या एप्रिलमध्ये त्याचा शेवट झाला. रेल्वेच्या आगमनाने नुकत्याच वाढू लागलेल्या भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो अनेकांना ठाऊक आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यात नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी एतद्देशीय नावे या कामात प्रथमच दिसतात, आणि मुंबई परंपरेच्या चित्रकलेचा पाया काही प्रमाणात या लेण्यांतल्या परांच्यांवर घातला गेला. १२ जून १८८५ रोजी साउथ केन्सिंग्टनलाही आग लागली आणि त्यांची शंभराहून अधिक चित्रे गेली. उरलेल्यांवरून त्यांनी १८९६-९७ मध्ये दोन जाड खंड छापविले. लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूतून नंदलाल बोस व असितकुमार हालदार १९०९ नंतर येथे आले. जपानच्या आराई काम्पो याने १९१७-१८ च्या सुमारास केलेल्या नकला टोकियोस गेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या वणव्यात नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींना अग्नीचा शाप आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. शाप वगैरे काही नाही. राजधान्यांत साठविलेल्या वस्तू राजधान्यांबरोबर जळतात, इतकेच.

निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढून गुलाम यझदानी यांच्या हाती लेण्यांचा कारभार दिला, आणि हैदराबादच्या संस्थानाने कंपनीपेक्षा अधिक शहाणपण दाखविले, असे माझे स्पष्ट मत आहे. नकलांवर खर्च करण्यापूर्वी मूळ भिंत जगविली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन कारागीर बोलावून सुटत चाललेला गिलावा जागच्या जागी घट्ट करविण्यात आला. त्यांनी लावलेला लाखेचा थर, आणि त्याआधी एकोणिसाव्या शतकातील प्रतिकृतिकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून चोपडलेले वॉर्निश, कालांतराने पिवळे पडले आणि धूळ धरू लागले, हा त्या उपायाचा दुसरा अध्याय; तो निस्तरण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाळेकडे आले.

गिलचे चरित्र आज कशासाठी वाचावे, याचे उत्तर मला मूळ भिंती जगविण्याच्या याच कामात सापडते. कलाकृती म्हणून त्याची चित्रे कोणत्या दर्जाची होती याचा वाद चार-पाच कापडांवरून मिटणारा नाही. परंतु ती साक्ष होती. १८४५ साली ज्या भिंतीवर आकृती उभी होती, त्या भिंतीचा गिलावा पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कित्येक ठिकाणी गळून गेला. सतराव्या लेण्याच्या ओसरीतील भवचक्र आज तुकड्यांनीच उरले आहे, आणि सोळाव्या-सतराव्या लेण्यांतील मोकळ्या पडलेल्या जागांवर एकेकाळी काय होते हे समजून घ्यावयाचे तर जुन्या नोंदींखेरीज गती नाही. अशा वेळी अभ्यासक यझदानींचे चित्रग्रंथ उघडतात, ग्रिफिथ्सचे खंड उघडतात, आणि आणखी मागे जावयाचे तर मिसेस स्पीअरच्या पुस्तकातील शार्फची ती चिमुकली रेखाचित्रे भिंगाखाली धरतात. गिलची कापडे जळाल्याने ग्रिफिथ्सच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांची जागा मात्र मोकळी आहे. ती भरावयाची तर कंपनीच्या दफ्तरातील पत्रे, पाठविलेल्या मालाच्या याद्या आणि वर्णने यांचाच आधार; त्या कागदांपैकी काही लंडनला आहेत, काही चेन्नईला आणि काही हैदराबादच्या जुन्या रेसिडेन्सीच्या दफ्तरात. मराठवाड्याच्या महाविद्यालयांतून दरवर्षी इतिहासाचे प्रबंध लिहिले जातात. त्यांपैकी एखाद-दोन जणांनी पारोच्या थडग्याऐवजी या याद्यांना हात घातला, आणि कोणत्या लेण्याची कोणती भिंत गिलने कोणत्या साली उतरवून घेतली याचा तक्ता तरी तयार केला, तर पुढील आवृत्तीत या पुस्तकाला परिशिष्ट जोडता येईल.

छत्रपती संभाजीनगर